सहा सिलिंडरचं स्थळ

“आबा, इंजिन आपल्याकडे येणार म्हणून मी त्यांच्याकडे जाणार, की मी त्यांच्याकडे जाणार म्हणून इंजिन आपल्याकडे येणार?”

प्रश्न माझा होता, पण तो विचारायची पैज माझ्या मैत्रिणींची, छबू आणि तापीची. शहाद्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत दोघींनी मला भिंतीशी गाठलं. छबू म्हणाली, “गॅदरिंगमा मामलेदारसमोर भाषण ठोकं, त्यामा काय मोठं? मामलेदार काय तुन्हा थोबाडमा देनार व्हता? घरना ओटावर चार टोपीवालासमोर हाई इचारी दाखाड, मंग तुले मानसूत.”

मी विचारून दाखवलं. मुद्दाम पुस्तकी मराठीत विचारलं. पुस्तकी मराठी कानावर पडली की आमच्याकडचे पुरुष क्षणभर सावरून बसतात, त्यांना वाटतं कचेरीतून कुणीतरी आलं. तेवढ्या वेळात मला चहाचा रिकामा ट्रे खाली ठेवून दाराच्या दिशेनं सरकता आलं.

आबांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. सुकलालकाकांना ठसका लागला. पाहुणे म्हणून आलेले तापी नदीपलीकडचे भिकन पाटील मात्र मोठ्यांदा हसले. “पोर हुशार शे हां, चुनीलाल भो! आमना रूपचंदले अशीच पाहिजे व्हती.” आणि सगळे लगेच मूळ विषयाकडे वळले. मूळ विषय असा की इंजिन तेल किती पितं.

थोबाडीत कुणी मारली नाही. म्हणजे पैज मी जिंकले आणि बाकी सगळं हरायच्या बेतात होते. कारण ओट्यावर ठरत आलं होतं ते असं: भिकन पाटलांच्या बैलगाडीतून इंजिन येणार, इंजिन उतरलं की तिथंच सुपारी फुटणार, आणि सुपारी फुटली की यंदाची मॅट्रिकची परीक्षा माझ्याशिवाय पार पडणार. रूपचंद म्हणजे भिकन पाटलांचा मुलगा. त्याच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो इंजिनासोबत मिळतो.

आता हे इंजिन ज्या गाडीसाठी हवं होतं, त्या गाडीचं सांगते.

आमच्या ब्राह्मणपुरीत ज्याला केळी चांगली पिकते तो विहीर खोल करतो. ऊस चांगला आला तर घरावर मजला चढवतो. आबांना एका वर्षी केळी, ऊस आणि कापूस तिन्ही साधले, तेव्हा काय करावं ते त्यांना सुचेना. नेमका त्याच सुमारास एका जिनिंग कंपनीतला गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. आबा त्याला निरोपाचा हार घालायला म्हणून गेले आणि त्याची गाडी घेऊन आले.

गाडी लाल, उघडी, बसकी, आणि दोनच माणसांची. नाव ट्रायम्फ. गावात तिला कुणी टायम म्हणे, कुणी बेडूक. तिच्यात बसायला वाकावं लागतं आणि बाहेर पडायला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. मायनं पहिल्या दिवशी तिला ओवाळलं, कुंकू लावलं आणि मग हळूच म्हणाली, “हाई गाडी शे का कढई? आपन घरमा सात माणसं, आनी जागा दोननी!” आबा म्हणाले, “विलायतमा असंच ऱ्हास. तठे माणसं कमी शेतस.”

या गाडीचं इंजिन गेलं ते सारंगखेड्याच्या यात्रेत. तिथं पंचक्रोशीतून घोडे येतात, आणि घोड्यांपेक्षा घोडे पाहणारे जास्त. आबांनी त्या गर्दीतून गाडी अगदी मुंगीच्या पावलानं फिरवली, म्हणजे प्रत्येकाला दिसावी. शेजारी सुकलालकाका. काका आबांचे चुलतभाऊ, आणि जगात अशी एकही वस्तू नाही जिच्याबद्दल काकांना मत नाही. थोड्या वेळानं पुढच्या बाजूनं पांढरी वाफ निघायला लागली. आबा घाबरले. काका म्हणाले, “चालू दे. रेलगाडी बी अशीच वाफ टाकस. आते खरा जोर धरी ऱ्हायनी.” बघणाऱ्यांनाही ते पटलं. एका म्हातारबाबांनी हात जोडले.

मग गाडी आचका देऊन थांबली. काका धावत नदीवर गेले, तापीचं गार पाणी घागर भरून आणलं आणि जय तापीमाय म्हणून तापलेल्या इंजिनावर ओतलं. टच्च असा आवाज झाला. मी तिथंच होते, काठीवरच्या गुलाबी साखरेचा गोळा खात. इंजिनाच्या लोखंडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काका आजही म्हणतात की तापीमायच्या पाण्यानं कुणाचं वाईट होणं शक्यच नाही, चीर आधीचीच असणार, साहेबानं फसवलं.

नंदुरबारहून रामसिंग मिस्त्री आले. त्यांनी इंजिन खोललं, सगळं अंगणात पसरलं, चिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “हाई गयं. दुसरं इंजिन टाकनं पडी.”

“कोणतं टाकाव?” आबांनी विचारलं.

“तुम्ही सांगशात ते,” मिस्त्री म्हणाले. रामसिंग मिस्त्रींचा हा मोठा गुण. शेवटी जो बोलतो त्याचं त्यांना पटतं. त्यामुळे ते सगळ्या गावचे लाडके आहेत आणि त्यांनी दुरुस्त केलेलं काहीही एकसारखं चालत नाही.

झालं, इंजिन निवडायचं काम ओट्याकडे आलं. आमच्या ओट्याला घोडा निवडता येतो, बैल निवडता येतो, जावई निवडता येतो असा त्याचा समज आहे. इंजिन त्यानं कधी निवडलं नव्हतं. पण ओटा मागे हटला तर ओटा कसला!

पहिलं इंजिन पाहिलं नंदुरबारला, एका जुन्या जीपचं. मी आबांबरोबर गेले होते, माझ्यासाठी वह्या घ्यायच्या होत्या. काकांनी त्या इंजिनाभोवती फेरी मारली, त्याच्या कुशीवर थाप दिली, वाकून खाली पाहिलं, मागून पाहिलं, आणि व्यापाऱ्याला गंभीरपणे विचारलं, “वय काय? काही खोड तर नही?”

व्यापारी बेरकी होता. “जवान शे दादा. एकच धन्याकडे वाढेल.”

मग काकांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, व्यापाऱ्याचा हात त्याखाली घेतला, आणि दोघांची बोटं आतल्या आत बोलू लागली. घोड्याच्या बाजारात भाव असाच होतो, शेजारच्याला कळू नये म्हणून. इथं शेजारी मी आणि एक कोंबडी होतो. सौदा जमत आला होता, तेवढ्यात आबांना आठवलं की मलेरियाची औषधफवारणी करणारे लोक असल्याच आवाजाच्या जीपमधून येतात. आबांनी हात वर केला. “नको रे बाबा. मन्ही गाडी गावमा शिरनी की लोके भांडाकुंडा घरबाहेर काढतीन.” म्हणून जीप बाद.

दुसरं आमच्याच मळ्यातलं, विहिरीवरचं पाण्याचं इंजिन. ते कधीच बंद पडत नाही, हा त्याच्या बाजूनं मोठा मुद्दा होता. काकांनी ते अंगणात आणवलं आणि जमिनीत न रोवता, न बांधता तसंच चालू करायला लावलं. चाल पाहायची होती म्हणे. ते इंजिन धडधडत, उड्या घेत अंगणातून चालत निघालं आणि गोठ्यात शिरलं. म्हशीनं दावं तोडलं. माय चुलीवरून उठून आली. “गाडीमा हाई बसाडशात तर आतला माणूसना दात गाडीमाच ऱ्हातीन!” मिस्त्री म्हणाले, “वहिनी बरोबर बोलतस.”

तिसरं इंजिन भिकन पाटलांचं.

ते एका भल्यामोठ्या अमेरिकन गाडीचं होतं. ती गाडी नाल्यात उलटून तिचा चुरा झाला, पण इंजिन शाबूत राहिलं. सहा सिलिंडर! आमच्या गाडीला चार होते. भिकन पाटील ओट्यावर येऊन म्हणाले, “विकानं काय नाव ल्हेतस चुनीलाल भो? व्याही व्हयनूत म्हणजे घरनंच शे.” त्या क्षणापासून गावात सहा हा आकडा पवित्र झाला. आबा आणि काका तापी ओलांडून ते पाहून आले. आल्यावर काका भिंतीला टेकून त्याचं वर्णन करू लागले. रंग, वजन, आवाज, अंगावरचं तेज.

मायनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आनी पोऱ्या कसा शे?”

“कोणता पोऱ्या?” आबा म्हणाले.

माय त्यांच्याकडे बघतच राहिली.

“हां, तो! बरा शे. उंच शे.”

“शिकेल शे का काही?”

काका चिडले. “सहा सिलिंडर शेतस वहिनी! आनी तू काय शिकेल नही शिकेल लई बठनी!”

मी दारामागून विचारलं, “काका, ती गाडी नालामा पडनी तव्हय कोन चालाडी ऱ्हायनं व्हतं?”

“रूपचंदच,” काका अभिमानानं म्हणाले. “पन इंजिनले एक ओरखडा नही!”

इंजिन तेल किती पितं हे आबांनी चार वेळा विचारलं. रूपचंद काय पितो हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आता मी काय करणार होते? रडायचं म्हटलं तर रडता येतं, पण रडणाऱ्या मुलीचं लग्न आमच्याकडे लवकर उरकतात. म्हणजे त्यात फायदा नाही. मी कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि गाडीच्या पुढच्या पोकळीत डोकं घातलं. काकांनी सांगितलेली सहा सिलिंडरची लांबी दोन वेळा त्यांच्याच तोंडून वदवून घेतली होती, हातांत आणि बोटांत. ती आणि ही पोकळी काही केल्या जमेनात. इंजिन एक वीत जास्त भरत होतं.

मी ओट्यावर जाऊन सांगितलं, “ते बसनार नही. लांब शे.”

“मंग नाक पुढे काढूत गाडीनं,” काका म्हणाले.

“नाक पुढे काढं तर दिवा कोठे जाई?”

“मंग मांगे सरकाडूत. बसनारना पायजोगे.”

“आनी बसनारना पाय?”

काकांनी जरा विचार केला. “मांडी घालीसन बसता ई.”

“क्लच कोन दाबी, काका?”

“करूत ना कायतरी,” रामसिंग मिस्त्री म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि मान हलवली. पण ती मान कुणाच्या बाजूनं हलली ते कळलं नाही. सहाचा मोह मोठा.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मायनं मला मागच्या छपरातून सरपण आणायला पाठवलं. छपरामागे निंबाखाली आमचा जुना करडा फर्ग्युसन ट्रॅक्टर उभा असतो. आबांनी नवा ट्रॅक्टर घेतल्यापासून त्याच्यावर कोंबड्या बसतात. छपराच्या खुंटीवर त्याचं एक जुनं पॅकिंग टांगलेलं होतं. पॅकिंग म्हणजे इंजिनाचं धड आणि डोकं यांच्यामध्ये घालतात तो तांब्याचा पातळ पत्रा. त्याला मधे चार मोठी भोकं आणि कडेनं बोल्टांची लहान भोकं असतात. अगदी तसलंच पॅकिंग मी अंगणात पाहिलं होतं, मिस्त्रींनी आमच्या फुटक्या विलायती इंजिनातून काढून फेकलेलं. माय त्यावर वडे वाळवायच्या विचारात होती.

मी सरपण टाकलं आणि दोन्ही पॅकिंगं एकावर एक ठेवली. बोल्टाचं प्रत्येक भोक प्रत्येक भोकावर आलं. पलीकडचं मला स्वच्छ दिसत होतं, निंब आणि कोंबड्या! चार मोठी भोकं तेवढी ट्रॅक्टरची जराशी मोठी होती. मी ओरडले. कोंबड्या उडाल्या. माय आतून म्हणाली, “इच्चू चावना का वं?”

आता खरी अवघड गोष्ट पुढे होती. ट्रॅक्टरचं इंजिन गाडीला बसतं हे सांगणं सोपं. ते आबांना सोसणं अवघड. मी दोन्ही पत्रे ओट्यावर नेले, आबांच्या समोर एकमेकांवर ठेवले.

“हाई काय? दोन्ही आपली गाडीनाच शेतस,” आबा म्हणाले.

“नही आबा. खालनं गाडीनं. वरनं आपला जुना फर्ग्युसननं.”

आबांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी राजाची वंशावळ वाचताना मधेच नांगर काढून दाखवला. “म्हणजे साहेब ट्रॅक्टरना इंजिनवर फिरे? आनी मी यात्रामा… सगळा लोकेसमोर…” काका तर उठून उभे राहिले. “चुनीलाल, हाई गोष्ट ओटाखाले उतरनी नही पाहिजे! गुपचूप सहा सिलिंडर टाकी दे!”

मला दिसलं की माझं मॅट्रिक ओट्यावरून घरंगळत चाललं आहे. गॅदरिंगच्या भाषणात एक युक्ती शिकले होते, वाक्य उलटं करून टाकायचं. मी म्हटलं, “काका, ट्रॅक्टरनं इंजिन गाडीमा गयं असं कोन म्हणस? गाडीनं इंजिन ट्रॅक्टरले लायेल शे. विलायतमा शर्यतमा जे पयस, त्याच्यावर आपन इतला साल नांगरनी कयी. आनी आपलं तर साहेबनापेक्षा मोठं शे, पाहा ही भोकं.”

काका बसले. त्यांनी वरचा पत्रा हातात घेतला, उन्हाकडे धरला, एका डोळ्यानं पाहिलं. “मोठं शे,” ते म्हणाले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर तेज चढलं. “मी तुले सांगेल नव्हतं का चुनीलाल? तो फर्ग्युसन वळणवर कसा झुके? जातच येगळी!”

दिवस मावळायच्या आत काकांनी ही गोष्ट ओट्याखालीच नव्हे, पार शहाद्यापर्यंत उतरवली. आम्ही शर्यतीच्या इंजिनावर कपाशी पेरतो, असं लोक एकमेकांना सांगू लागले. गावात ज्याच्या ज्याच्याकडे करडा ट्रॅक्टर होता त्याच्या दारात गर्दी. कुणी त्याला धुतलं, कुणी झेंडूची माळ घातली. ज्याच्याकडे दुसऱ्या जातीचा ट्रॅक्टर होता तो बिचारा मान खाली घालून मळ्यात जाऊ लागला.

रामसिंग मिस्त्रींनी ट्रॅक्टरच्या इंजिनाचं धड घेतलं, त्याला गाडीचं डोकं बसवलं, खाली गाडीचीच तेलाची टाकी लावली. सहज काही झालं नाही; घासावं लागलं, ठोकावं लागलं, मिस्त्रींना दोनदा नंदुरबारला जावं लागलं. पण बसलं. गाडीनं धूर सोडला, खोकली, आणि मग अशी गुरगुरली की गोठ्यातली म्हैस आपण होऊन कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. “मी पयलापासून हाईच म्हनी ऱ्हायनू व्हतू,” मिस्त्री म्हणाले. आबा काकांना घेऊन शहाद्याला जाऊन आले. परत आले तेव्हा दोघांच्या तोंडावर धूळ आणि मधे पांढरे दात. माझ्या घरात इतका आनंद मी केळीच्या वर्षीही पाहिला नव्हता.

मी मनात म्हटलं, सुटले! इंजिन घरचंच निघालं, आता भिकन पाटलांचं काय काम?

काम होतं. गुरुवारी सुपारीला येतो, असा त्यांचा निरोप आला. मी आबांकडे पाहिलं. आबा काकांकडे पाहू लागले. काकांनी मांडी घातली आणि जे गणित मांडलं ते आमच्या शाळेच्या कुठल्याच पुस्तकात नाही. “आसं पाय चुनीलाल. त्या माणूसनी मोठा मनघाई इंजिन देऊ कयं. आपन इंजिनले नही म्हनूत. आते पोरले बी नही म्हनं तर त्यानी किती बेइज्जती! एक वस्तू परत कयी, एक तं ठेवनी पडी. इंजिन परत, पोर पक्की.”

म्हणजे आधी मी इंजिन मिळावं म्हणून जाणार होते. आता इंजिन नको झालं म्हणून जाणार!

आबा म्हणाले, “शबद देयेल शे, मीना.” पण म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही. काका समाधानानं टोपी घालून घरी गेले. माय खाली बसून शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. “मी इचारं व्हतं,” ती एवढंच म्हणाली, “पोऱ्या कसा शे म्हणीसन. आजून कोनी सांगं नही.” आबा अंगठ्यानं ओट्याची कड घासत राहिले.

मी काही चहाचा ट्रे आणला नाही, दारामागे उभी राहिले नाही, आणि पुस्तकी मराठीही काढली नाही. दोघांच्या मधे जाऊन बसले, मायच्या सुपातली एक शेंग फोडली, खाल्ली, आणि म्हटलं:

“आबा, माय, ऐकी ल्या. मी मॅट्रिकले बससू. रूपचंदसंगे लगीन मी नही करनार. भिकनकाकाले हाई गोष्ट कोनाहाते धाडानी नही. मी सोता जाईसन सांगसू. पाया पडीसन सांगसू, पन सांगसू. सकाय निंघूत. गाडी तुम्ही चालाडा आबा, बोलानं काम मन्हं. आनी सुकलालकाकाले आतेच सांगी ठेवा, गाडीमा जागा दोनच माणूसनी शे.”